अक्षरांची खानेसुमारी

नावे ठेवण्याच्या कामी धुळेकर हा महाराष्ट्रातील अन्य कोणत्याही गावकऱ्याच्या मागे राहील, असे मानण्यास कसलाही आधार नाही. तथापि आपल्या जुन्या वस्तीतील गल्ल्यांना मात्र त्याने नावे ठेवली नाहीत, क्रमांक दिले. १८१९ च्या सुमारास कॅप्टन जॉन ब्रिग्ज या गोऱ्या अंमलदाराने खानदेशच्या कारभारासाठी पांझरेकाठचे हे ठाणे मुक्रर केले आणि पेठेची आखणी करविली, तेव्हापासून सरळ रेषेची जी खोड या गावास जडली ती पिढ्यानुपिढ्या टिकून राहिली. ‘चौथ्या गल्लीत या’ एवढ्या निरोपावर पाहुणा बिनचूक पानावर येऊन बसतो. गल्लीस एखाद्या सत्पुरुषाचे नाव द्यावे की पुढाऱ्याचे, हा वाद उत्पन्न होत नाही. आणि एखादा सत्पुरुष कालांतराने पुढारी झाला, तरी पाट्या बदलण्याचा खर्च महानगरपालिकेच्या अंगावर पडत नाही.

संगणकाच्या पोटात अक्षरांची जी वस्ती आहे, तिचा बंदोबस्त नेमका याच धर्तीवर केलेला आहे. आपण कळ दाबतो आणि पडद्यावर ‘क’ उमटतो, तेव्हा आपणांस साहजिकच असे वाटते की या यंत्रास ‘क’ ओळखता येतो. वस्तुतः त्याची अक्षरओळख शून्य असून त्यास ठाऊक असतो तो केवळ घरक्रमांक. अमुक क्रमांकाच्या घरी कोण राहतो हे त्याने एका दप्तरात पाहायचे, तेथे जी आकृती नोंदलेली असेल ती आणून पडद्यावर उभी करायची आणि पुढच्या क्रमांकाकडे वळायचे, एवढेच त्याचे कर्तृत्व. दप्तर एकच असेल तोवर हा कारभार निर्वेध चालतो. परंतु एकाच गावात पाच नगरपालिका स्थापन होऊन प्रत्येकीने त्याच घरांना आपापले क्रमांक लावले, तर पहिलीच्या हिशेबाने पत्ता घातलेली लग्नपत्रिका दुसरीच्या हिशेबाने कोणाच्या दारात जाऊन पडेल, आणि आहेर कोणास मिळेल, याची कल्पना कोणत्याही संसारी गृहस्थास करता येईल. रशियन भाषेवर नेमका हा प्रसंग गुदरला.

रशियन भाषेवर गुदरलेल्या प्रसंगाचे सुतक खानदेशाने का धरावे, अशी पृच्छा कोणी करील. त्यास पहिले उत्तर असे की, एके काळी मॉस्कोच्या प्रकाशनसंस्था मराठी पुस्तके छापून महाराष्ट्रभर पाठवीत असत, ती अत्यल्प किमतीस मिळत, आणि भुसावळचा पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात गेलेला असताना पंख्याखाली पडून सायबेरियातील हिमवादळांची वर्णने वाचण्यात जो गारवा आहे, तो ज्याने अनुभवला तो त्या देशाचे ऋण विसरू शकत नाही. दुसरे उत्तर पुढे येईल.

रशियन मुळाक्षरे तेहतीस. एवढ्या लहान कुटुंबास घरे देणे हे काही जमाबंदीचे अवघड प्रकरण नव्हे. सोव्हिएत मानक खात्याने १९७४ साली ‘कोई-८’ नावाच्या योजनेचा पाया घातला. पुढे डॉसबरोबर ८६६ क्रमांकाचे दप्तर आले, विंडोजबरोबर १२५१ क्रमांकाचे आले, मॅकिंतॉशवाल्यांनी आपले निराळे उघडले, आणि आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेचे पाचवे होते, जे बहुधा कोणीच वापरले नाही. परिणामी १२५१ च्या दप्तराप्रमाणे लिहिलेला मजकूर कोई-८ च्या दप्तराप्रमाणे वाचला, म्हणजे प्रश्न या अर्थाचा ‘वप्रोस’ हा सभ्य रशियन शब्द पडद्यावर ‘ब्नोप्न्या’ होऊन अवतरे. हे ब्नोप्न्या इतक्या वेळा अवतरले की संगणकवाल्या रशियनांनी त्यास अखेर आपल्या विनोदात दाखल करून घेतले. गंमत अशी की यात एकही अक्षर परके नाही; सगळी अस्सल रशियन, फक्त प्रत्येक जण शेजाऱ्याच्या घरातून बोलतो आहे.

कोई-८ ची रचना करणाऱ्यांच्या दूरदर्शीपणास मात्र दाद दिली पाहिजे. त्यांनी आपली अक्षरे रशियन वर्णक्रमाने बसविलीच नाहीत. रोमन लिपीतील ज्या अक्षराशी ज्याचा उच्चार जुळे, त्याच्या बरोबर १२८ घरे पुढे त्यास बसविले. त्या काळच्या तारायंत्रांत व संदेशवाहिन्यांत असे काही कंजूष टप्पे असत की ते आठ खुणांतील आठवी खूण वाटेतच कापून ठेवीत. आणि आठवी खूण कापली म्हणजे घरक्रमांकातून नेमके १२८ वजा होत. दुसऱ्या कोणत्याही योजनेत एवढ्यावर मजकुराचा कडेलोट झाला असता. कोई-८ मध्ये मात्र अक्षर आपल्या रोमन जुळ्या भावाच्या घरी सुखरूप उतरे आणि मॉस्क्वा हे नाव रोमन अक्षरांत मॉस्क्वा असेच वाचता येई. फक्त पहिले अक्षर लहान आणि बाकीची थोरली, अशी पोशाखाची उलटापालट होई. वस्त्रे उलटी झाली तरी माणूस घरी पोचला. याची किंमत म्हणून अकारविल्हे लावण्याचे काम बिघडले, कारण यंत्र क्रमांक पाहून याद्या लावते आणि या दप्तरातील क्रमांक रशियन बाराखडीस विचारून दिलेले नव्हते. हा क्रमाचा घोटाळा वाचकांनी ध्यानात ठेवावा. आम्हांस तो आमच्या घराजवळ पुन्हा भेटणार आहे. १९९३ साली आंद्रेई चेर्नोव याने कोई-८-आर या नावाने या योजनेची इंटरनेटच्या दप्तरी रीतसर नोंद केली, आणि पुढे काही वर्षे रशियातील सुशिक्षित माणसाच्या दिवसातील बराचसा भाग एका दप्तरातला मजकूर दुसऱ्या दप्तरात फिरविण्यात खर्ची पडू लागला.

त्यासाठी संगणकाचे कार्यक्रम निघाले. आलेला मजकूर कोणत्या दप्तराचा आहे हे मजकुरावर लिहिलेले नसे. तेव्हा हे कार्यक्रम पाचही दप्तरे आळीपाळीने लावून पाहत, आणि रशियन भाषेत ‘ओ’ हे अक्षर सर्वांत अधिक वेळा येते या ज्ञानाच्या जोरावर, ज्या दप्तराने ओकारांची संख्या पटण्याजोगी निघेल ते खरे मानीत. गणितशास्त्राने याला भारदस्त नाव दिलेले असेल. आम्ही याला अंदाज म्हणतो. यंत्रापेक्षा मनुष्याचा अंदाज किती सरस असतो, हे त्याच सुमारास रशियन टपाल खात्याने दाखवून दिले. परदेशातून निघालेल्या एका पार्सलाचे छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. पाठविणाराने पत्ता ई-पत्राने मागविला. तो त्याच्या पडद्यावर, टिंबे आणि टोप्या घातलेल्या युरोपीय अक्षरांच्या निरर्थक रांगा होऊन आला. आणि त्या भल्या मनुष्याने, रशियन लिपी अशीच दिसत असावी अशा श्रद्धेने, ती रांग जशीच्या तशी सुवाच्य हाताने पार्सलावर उतरविली. टपाल खात्यातील कोणा जाणत्याने प्रत्येक बनावट अक्षरावर लाल शाईने खरे अक्षर लिहिले, आणि पार्सल इष्ट स्थळी पोचले. त्या अनामिक टपालबाबूस आपल्या डोक्यात कोणते दप्तर उघडावे लागले, हे त्याने कोणास विचारले नाही व कोणास सांगितलेही नाही.

आता दुसरे उत्तर. हे सर्व आमच्याकडेही झाले, आणि रशियात पाच दप्तरे होती तेथे आमच्याकडे किती होती याची मोजदाद करण्याचे धाडस कोणी केलेले नाही.

आरंभ सुरेख होता. कानपूरच्या तंत्रविद्यालयात उगम पावलेले आणि पुण्याच्या सी-डॅकने वाढविलेले जिस्ट नावाचे तंत्र, त्यासोबत इस्की नावाचे दप्तर. त्याचा एक मसुदा १९८८ सालचा, आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने त्यास आयएस १३१९४ या क्रमांकाची सनद दिली. यात असे ठरले की ब्राह्मीच्या पोटी जन्मलेल्या सर्व लिप्या सख्ख्या बहिणी असल्यामुळे देवनागरी ‘क’, गुजराती ‘क’ आणि तेलुगू ‘क’ यांना एकच घरक्रमांक द्यावा, आणि कोणत्या लिपीत दाखवायचे तेवढी एक खूण वर लावावी. खूण बदलली की तोच मजकूर लिपी बदलून हजर. १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत नवापूर धुळे जिल्ह्यातच होते, आणि नवापूरच्या स्थानकाचा निम्मा फलाट महाराष्ट्रात व निम्मा गुजरातेत आहे हे सर्वश्रुत आहे. या फलाटावर चालत जाणाऱ्या मनुष्याच्या हातातील कागद सीमारेषा ओलांडताच आपोआप गुजराती व्हावा, अशी व्यवस्था इस्कीच्या पोटात तात्त्विक दृष्ट्या सिद्ध होती. रेल्वेने तिचा लाभ घेतला नाही.

लाभ कोणीच फारसा घेतला नाही, कारण तेवढ्यात विंडोज आली आणि तिच्यापाठोपाठ फॉन्ट आले. फॉन्टवाल्यांची युक्ती साधी आणि थोडी चोरटी होती. दप्तराच्या भानगडीत पडायचेच नाही. संगणकास खुशाल समजू द्यावे की आपण इंग्रजी टंकित आहोत. आपण फक्त इंग्रजी अक्षरांची चित्रे खोडून त्या जागी देवनागरीची चित्रे काढून ठेवायची. घराच्या दारावर पाटी ‘जी’ची, आत राहतो ‘ळ’. संगणक वर्षानुवर्षे प्रामाणिकपणे जी, जी म्हणत राहिला आणि पडद्यावर ळ पाहणारा मराठी मनुष्य त्याच्या पाठीमागे हसत राहिला. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी, किरण, सी-डॅकचे सुरेख आणि योगेश. नावे वाचली तर वधूवरसूचक मंडळाची यादी वाटावी, आणि ती वाटण्यास कारणही होते, कारण यांतील प्रत्येकाचा गोत्रप्रवर निराळा असून एकाचे दुसऱ्याशी जमत नसे. ज्या यंत्रावर तो विशिष्ट फॉन्ट नसेल तेथे बिंग बाहेर पडे आणि आतला इंग्रजी मजकूर उघडा होई. हिंदी टंकयंत्राच्या कळांवर बेतलेल्या कृतिदेवाचे उदाहरण घ्या. त्यात ‘जळगाव’ असे टंकिले तर पोटात नोंद होते ती टी, जी, एक्स, के, ओ अशी. आणि ‘धुळे’ या ऐतिहासिक नगराची नोंद होते ती तिरकी रेघ, के, क्यू, जी, एस अशी. इंग्रजांनी या गावाचे ‘धुलिया’ केले म्हणून पुढे आमच्या लोकांनी इतका खेद केला. पण त्यांनी आरंभी निदान एक अक्षर तरी ठेवले होते, तिरकी रेघ ठेवली नव्हती.

येथे आमचे शेजारी नाना यांचा परिचय करून देणे प्राप्त आहे. नाना म्हणजे निवृत्त अव्वल कारकून. सबंध नोकरी तहसील कचेरीच्या दप्तरखान्यात गेलेली, त्यामुळे मृत्यूचा दाखला पाहिल्याशिवाय मनुष्य मेला असे ते धरून चालत नाहीत आणि फेरफाराची नोंद पाहिल्याशिवाय तो जन्मला होता असेही नाही. निवृत्तीनंतर एका ज्ञातिमंडळाचे चिटणीसपद त्यांच्याकडे आले, आणि मंडळाच्या सभासदांची यादी संगणकावर चढविण्याचे त्यांनी मनावर घेतले. या मंडळात मानापमानाची परंपरा उज्ज्वल असल्यामुळे, यादी अकारविल्हे लावावी म्हणजे कोणाचा पहिला मान आणि कोणाचा शेवटचा हा तंटा वडिलांनी ठेवलेल्या नावाच्या स्वाधीन होईल, असा ठराव आधीच झालेला होता. यादी कृतिदेवात टंकली गेली. मग संगणकास हुकूम सुटला की वर्णानुक्रम लाव.

संगणकाने लावला. इंग्रजी दप्तरात अवतरणचिन्हे, स्वल्पविराम, तिरक्या रेघा प्रथम येतात, मग थोरली अक्षरे, मग धाकटी; आणि कृतिदेवात ‘श’चा आरंभ एका सुट्या अवतरणचिन्हाने होतो, ‘ए’ हा स्वल्पविराम आहे, ‘ध’ची तिरकी रेघ आपण पाहिलीच, ‘य’ हा अर्धविराम आहे आणि ‘त्र’ हे बरोबरीचे चिन्ह. त्यामुळे यादीच्या शिरोभागी शंकर, त्यामागे एकनाथ, मग धनाजी, यशवंत आणि त्र्यंबक अशी मंडळी विराजमान झाली. अनंत या नावाचे सर्व सभासद, जे शाळेच्या हजेरीपटापासून श्राद्धाच्या पंगतीपर्यंत आयुष्यभर पहिल्या पानावर बसत आले होते, ते पार तळाशी गेले. त्यांच्याखाली गणपत, आणि सर्वांच्या शेवटी लक्ष्मण. गणपत यादीच्या शेपटाकडे गेला म्हटल्यावर मंडळातील धार्मिक वृत्तीचे लोक अस्वस्थ झाले. श्रीगणेशा शेवटी करणारे यंत्र त्यांनी पूर्वी पाहिले नव्हते. सर्वसाधारण सभेत असा प्रश्न आला की चिटणिसांचे आणि ध अक्षराच्या मंडळींचे काही साटेलोटे आहे काय, आणि ही चौकशी होईपर्यंत यादी तहकूब ठेवावी. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी हाच घोटाळा बुद्धिपुरस्सर पत्करला होता, एका मोठ्या हेतूसाठी. आमच्याकडे तो फुकट मिळाला.

यावर उपाय एकच, की सर्व मजकूर युनिकोडमध्ये न्यावा. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालची. हे म्हणजे साऱ्या जगाचे एकच दप्तर: रशियन, चिनी, अरबी, मराठी, सर्वांना कायमची आणि परस्परांहून भिन्न घरे. देवनागरीची वस्ती इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावरूनच आखलेली असल्यामुळे त्यातील अक्षरांचा क्रम आपल्याला ओळखीचा वाटतो. परंतु फॉन्टातून युनिकोडात जाण्याचा मार्ग हा रशियन मार्गाहून कितीतरी खडतर आहे, आणि या बाबतीत आम्ही मॉस्कोपेक्षा अधिक सोसले असा आमचा अभिमानपूर्वक दावा आहे. रशियन माणसास एका घराचा क्रमांक खोडून दुसरा लिहिला की झाले, एकास एक. आमच्याकडे ह्रस्व वेलांटी आणि रफार हे दोन फिरस्ते आहेत. फॉन्टात सर्व काही हाताने लिहिण्याच्या क्रमाने साठविलेले असते: ह्रस्व वेलांटी डावीकडे काढतात म्हणून ती अक्षराच्या आधी, रफार शेवटी वर मारतात म्हणून तो अक्षराच्या नंतर. युनिकोडात सर्व काही उच्चाराच्या क्रमाने: वेलांटी नंतर, आणि रफार म्हणजे मुळात अर्धा र, म्हणून तो आधी. तेव्हा रूपांतर करणाऱ्या कार्यक्रमास प्रत्येक वेलांटीस हात धरून उजवीकडे आणि प्रत्येक रफारास कान धरून डावीकडे न्यावे लागते, आणि किती घरे न्यावे हे त्यास स्वतः ठरवावे लागते. आळशी कार्यक्रम रफारास लगतच्या घरात व्यंजन असेल तरच मागे नेतो. मधल्या घरात काना-मात्रा बसलेली असली की त्याला वाटते आपण पोचलो, आणि रफार जागीच राहतो. मग ‘गर्दी’ची ‘गदीर्’ होते, ‘गतवर्षी’चे ‘गतवषीर्’ होते, आणि ‘कार्यकर्ते’ हे ‘कार्यकतेर्’ होऊन, शेवटी पाय मोडलेल्या र-काराच्या कुबडीवर उभे राहतात. ‘परिस्थिती’ची वेलांटी अर्ध्या स वर अडकून ‘परिसि्थती’ होते, आणि ती खरोखर तशी झालेली असते.

नानांची यादी आणि मंडळाचा जुना अहवाल या मार्गाने नेण्याचे काम जळगावच्या गोलाणी मार्केटात डीटीपीचे काम करणाऱ्या एका मुलाकडे आले. हा मुलगा अमळनेरकडचा, बोलायला अहिराणी, आणि टंकलेखनाचा वेग असा की कळांचा आवाज स्वतंत्र ऐकू येत नाही. त्याच्या नव्या यंत्रावर तो फॉन्ट नव्हता. फाइल उघडली आणि पडद्यावर इंग्रजी चिन्हांचा तो निरर्थक पाऊस पडला. नानांना वाटले की विषाणू शिरला. मुलाने पडद्याकडे पाहिले, टी, जी, एक्स, के, ओ यांवर बोट ठेवले आणि सहज म्हणाला, “नाना, हाई जळगाव शे.” पुढे तो ती चिन्हे रामरक्षा म्हणावी तशी भराभर वाचू लागला: अध्यक्षीय भाषण, आभारप्रदर्शन, शिल्लक रक्कम. फॉन्टाच्या घरांतच लहानाचा मोठा झालेला असल्यामुळे त्याला भिंतींच्या आरपार दिसत होते. रूपांतराचा कार्यक्रम त्याने चालविला खरा. पण कार्यक्रम जेथे जेथे चुकला तेथे तेथे त्याने वाचनाच्या वेगानेच हात मारून दुरुस्ती केली, आणि कार्यक्रमाचे शुल्क नानांकडून घेतले, स्वतःच्या डोळ्यांचे घेतले नाही. त्या रशियन टपालबाबूचा हा खानदेशी बंधू आहे. युनिकोडच्या समितीवर असे लोक घेत नाहीत.

युनिकोड आल्यावर सर्व दुःखे संपली असा बोभाटा होता. काही नवी सुरू झाली. एवढी मोठी वस्ती म्हटल्यावर घरक्रमांक लांबलचक. ते आखूड करून पाठविण्याची युटीएफ-८ ही तोड केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक या दोघांनी १९९२ साली न्यू जर्सीतील एका खानावळीत, टेबलावर अंथरलेल्या कागदावर आकडेमोड करून काढली. तीत इंग्रजी अक्षरास एक खाना पुरतो, रशियनास दोन लागतात, आणि मराठीस तीन. जेवणाआधी आलेल्या लोकांनी जागा अडविल्या, आणि आम्ही पंगतीस नेहमीप्रमाणे उशिरा. मोबाइलच्या संदेशातही तोच न्याय: इंग्रजीत १६० अक्षरे, मराठीत ७०, आणि त्यांत वेलांटी-उकारांचेही भाडे स्वतंत्र. हा तीन-तीन खान्यांचा मराठी मजकूर एखाद्या यंत्राने चुकून पश्चिम युरोपच्या जुन्या दप्तराप्रमाणे वाचला, तर जे होते ते जळगावच्या सराफ बाजारास पटण्याजोगे आहे. प्रत्येक मराठी अक्षराचे नाणे होते. व्यंजनांच्या आणि कान्याच्या मधल्या खान्यात कोणत्याही देशाचे नसलेले, सर्वसाधारण चलनाचे ते काटेरी वर्तुळ येते. दीर्घ वेलांटी, उकार आणि मात्रा यांच्या खान्यात साक्षात जपानी येन येतो. ह्रस्व वेलांटीस येन मिळत नाही. शुद्धलेखनाचे नियम मोडून ह्रस्वाचे दीर्घ करणाऱ्या विद्यार्थ्यांना आजवर कोणी आर्थिक कारण दिले नव्हते. ते येथे आहे.

आणि ‘ॲ’. ॲडव्होकेट, ॲडमिशन, ॲसिडिटी यांशिवाय आधुनिक मराठी माणसाचा एक सप्ताह चालत नाही. पण अ वर चंद्र दिलेल्या या स्वरास युनिकोडात स्वतःचे घर मिळाले ते २००८ साली. तोपर्यंत सतरा वर्षे समस्त वकीलवर्ग अ-काराच्या ओसरीवर सुटा चंद्र डोक्यावर धरून बसला होता. घर मिळाल्यावर काही आत गेले, काही ओसरीवरच राहिले. त्यामुळे दिसण्यात दोन्ही सारखे असूनही एका रीतीने शोधले तर दुसऱ्या रीतीचा ॲडव्होकेट सापडत नाही. अशिलांची तक्रार तीच असते. ‘तऱ्हा’ आणि ‘सुऱ्या’ यांतील आडव्या र चे दोन प्रकार आहेत, त्यांचे वर्णन येथे केल्यास हा लेख सांगलीपर्यंत लांबेल.

वास्तविक एकाचे अक्षर दुसऱ्याने उतरवून घेणे हा तर या मुलखाचा पिढीजात धंदा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी लिहून घेतली म्हणून आपल्या हाती आली. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी घरच्यांनी ऐकून टिपली, पुत्र सोपानदेवांनी ती आचार्य अत्र्यांना दाखविली आणि १९५२ साली ती छापून निघाली. आज जळगावचे विद्यापीठ त्यांच्या नावाने पदव्या देते. धुळ्यासच शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते आयुष्य वेचून गोळा केली. या सर्वांना कागद, शाई आणि झोप यांची चणचण भासली असेल; फॉन्टाची भासल्याचे कोठे नमूद नाही.

आणि राजवाडे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगावच्या वाड्यांतून, माळ्यांवरून, प्रसंगी वाण्याच्या पुड्यांतून मोडी कागद सोडवीत फिरले, त्यांनी साधनांचे बावीस खंड प्रसिद्ध केले, आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास देह ठेवला. त्यानंतर लौकरच त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात उभे राहिले. मोडी हे दप्तर कोई-८ च्या तोडीचे आहे. त्यात लेखणी उचलायची नाही, शब्द तोडायचे नाहीत, आणि ह्रस्व-दीर्घाचा भेद मुळातच पाळायचा नाही. चिटणिसाने लिहिताना जो निर्णय घेतलाच नाही तो दोनशे वर्षांनी बालबोधीत उतरविणाराने घ्यायचा. दिन की दीन, सुत की सूत, हे कागद सांगत नाही; पूर्वापर संदर्भ, घराण्याची माहिती आणि अंदाज यांवरच भिस्त. एखाद्या कार्यक्रमास हे शिकविता येईल असे तज्ज्ञ म्हणतात. २०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीलाही रीतसर घरे मिळाली, तेव्हा जागेचा प्रश्न तरी सुटला. राहणारांना ओळखण्याचा राहिला. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी तहसील कचेऱ्यांतून मोडी जाणणारांचा तगादा सुरू झाला, तेव्हा हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर उघडकीस आला, आणि वडिलांकडून मोडी शिकलेल्या आमच्या नानांचा भाव केळीपेक्षा अधिक वेगाने चढला.

त्याच धामधुमीत नाना आपल्या पणजोबांच्या जमिनीचा एक मोडी कागद घेऊन गोलाणी मार्केटात गेले. वरती मोडी आणि खाली बालबोध, अशी शोभिवंत प्रत करून घ्यावी, असा त्यांचा मानस होता. मुलाने कागद आडवा धरला, उभा धरला, दिव्यापुढे धरला. भिंतीआड पाहण्याची सवय असलेल्या त्याच्या डोळ्यांना येथे दार सापडेना. अखेर मोठ्या अदबीने त्याने विचारले, “नाना, हाऊ कोणता फॉन्ट शे?”

मोडीच्या वळणांत चिटणिशी, बिवलकरी असे भेद आहेत, आणि प्रश्न नानांना मुळीच वावगा वाटला नाही.

“चिटणिशी,” नाना म्हणाले.

मुलाने फॉन्टांची यादी वरपासून खालपर्यंत सरकविली, पुन्हा वर नेली, आणि मान हलविली.

“हाऊ आपलाकडे नही शे, नाना. पेन ड्राइव्हमा लई या, टाकी देस.”